मखमल फिरवायची नसते

...आणि वर म्हणतात कसे, "आकृती आतच आहे, फक्त नीट बघा!" अहो, नीट म्हणजे किती नीट? डोळे काढून कागदावर ठेवू का? तुम्हाला सांगते, माणसाला छळायचे हजार मार्ग आहेत, पण हा जो आहे ना, वर एक साधीसुधी आकृती द्यायची, म्हणजे असा एक त्रिकोण आणि त्याच्या बाजूला चिकटलेली एक दांडी, बास, बिचारी कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि खाली अ, ब, क, ड असे चार रेघांचे गुंते द्यायचे, जणू चार कोळ्यांनी भांडून भांडून एकाच खिडकीत संसार थाटलेत, आणि मग शांतपणे विचारायचं, "वरील आकृती खालीलपैकी कोणत्या आकृतीत लपलेली आहे?" लपलेली! का लपलीय? कुणाला घाबरून? आणि ती स्वतःहून लपलीय तर आपण कशाला तिच्या मागे लागायचं? मी स्वतः लपणाऱ्यांतली आहे हो! दाराची घंटा वाजली की मी आधी पडद्यामागे जाते आणि मग विचार करते, कोण आलं असेल? मला त्या आकृतीची बाजू पटते! पण नाही. एका आकृतीला चाळीस सेकंद, अशा पंचवीस आकृत्या, त्यातल्या अठरा सापडल्या तर नोकरी, नाहीतर चला घरी. आकृती आत आहे म्हणे. असेल!

आता तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर द्यायची कशाला परीक्षा? सांगते ना. पाणीपुरवठा खात्याचा एक नकाशा विभाग असतो. जमिनीखालून कुठला नळ कुठे गेलाय, त्याचे नकाशे तिथे ठेवतात. मी एकदा कॉलेजच्या प्रकल्पासाठी तिथे गेले होते आणि तुम्हाला सांगते, मी दारातच प्रेमात पडले. लांबच्या लांब टेबल. वर एक पंखा, तोही हळू फिरणारा. कोपऱ्यात एक गृहस्थ भिंग घेऊन नकाशावर वाकलेले, ते मान वर न करता म्हणाले, "बसा," आणि पुढचा दीड तास काही म्हणालेच नाहीत. दीड तास! आणि टेलिफोन नाही! मागून येऊन "अहो" करणारं कुणी नाही! मला लहानपणापासून घरात 'दचकी' म्हणतात. माझं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, तिथेच राहतं. पाणी उकळलं की दचकते, कुणी शिंकलं की दचकते, परवा तर स्वतःच्या सावलीला "सॉरी" म्हणाले. अशा मुलीला देवाने कुठे जागा करून ठेवली असेल, तर ती त्या टेबलाशी होती. पण मध्ये ही परीक्षा. आणि संधी तीनच. तीनदा नापास झालात की त्या खात्याचं दार कायमचं बंद.

आणि ते बंद झालं तर उघडं कुठलं होतं? आत्याचं!

माझी आत्या बसच्या आगारात चौकशीच्या खिडकीत बसते. ती ध्वनिक्षेपकावरून बोलते, पण खरं सांगायचं तर ध्वनिक्षेपक नसता तरी चाललं असतं. ती आमच्याकडे आली की पहिल्यांदा तिचा आवाज येतो, मग पिशवी येते, मग ती येते. "अगं दचके! माझ्या शेजारची खिडकी रिकामी होतेय! मी साहेबांशी बोललेय! काही करायचं नाही, बटण दाबायचं नि बोलायचं! त्यात काय!" त्यात काय म्हणे. एकदा मला हौसेने घेऊन गेली, म्हणाली, "बोलून बघ, बस 'हॅलो' म्हण." मी बटण दाबलं, म्हटलं "हॅलो," आणि सगळ्या आगारातून, छपरातून, खांबांतून, एकदम माझाच आवाज अंगावर आला, "हॅलोऽऽ!" मी दचकून किंचाळले. बटण दाबलेलंच होतं. ती किंचाळी चौदा फलाटांवर ऐकू गेली. दोन बसगाड्या जागच्या जागी थांबल्या, एक गृहस्थ बॅग टाकून पळाले, आणि आत्या म्हणते कशी, "आवाज चांगला लागतोय की तुझा!"

तर कळलं ना आता? एका बाजूला ते शांत टेबल, दुसऱ्या बाजूला ती खिडकी, आणि मध्ये त्रिकोण आणि दांडी.

पहिल्या संधीला मी गेले ती नुसती दचकत दचकत. आणि मला आकृती सोडून बाकी सगळं दिसलं हो! एका गुंत्यात मांजर दिसलं. एकात उलटी छत्री दिसली. एकात तर चक्क आत्या दिसली, पिशवीसकट, आणि मी घाबरून तो प्रश्नच सोडून दिला. पंचविसातले अकरा. परीक्षेसाठी लावलेल्या क्लासचे सर म्हणाले, "तुम्ही फार बघता. कमी बघा." आता सांगा, नीट बघायचं की कमी बघायचं? आकृती आत आहे म्हणे. असेल!

घरी आले, पडद्यामागे बसले. आमचं घर म्हणजे पुढची खोली बाबांचं दुकान. बाबा शिंपी. बेतायचं एक मोठं टेबल, दोन मशिनं, एक आरसा, आणि ट्रायलसाठी कोपऱ्यात लावलेला तो पडदा, ज्याच्यामागे मी मोठी झाले. बाबा आले, पडदा जरासा बाजूला करून म्हणाले, "गिऱ्हाईक थांबलंय बाळ, तू बाहेर येतेस का त्यांना आत घेऊ?" मी बाहेर आले. गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी माझं सरावाचं पुस्तक हातात घेतलं, चष्मा कपाळावरून नाकावर आणला, आणि पान उघडल्याबरोबर म्हणाले, "हॅत्! हा तर मुंढा आहे!"

"बाबा, तो त्रिकोण आणि..."

"मुंढा! बाही जोडतो तिथला! आणि ही बघ झग्याची कळी, ही खिशाची झाकणी, हा तर सरळसरळ पाठीचा अर्धा भाग. यात लपलंय काय? उघडंनागडं तर पडलंय!" आणि त्यांनी काय करावं? रद्दीचा कागद घेतला, वरची आकृती कात्रीने कापून काढली, खालच्या गुंत्यावर ठेवली, आणि फिरवली. नाही बसली, आणखी फिरवली. उलटी केली, आडवी केली, आणि "ही घे, बसली! ड!" म्हणाले. "अगं, कापड बेतायचं म्हणजे दुसरं काय असतं? तुकडा सरळ बसत नसेल तर फिरवायचा. आडवा बसत नसेल तर उलटा घालायचा. कापड कधी कमी पडत नाही, फिरवणारा कमी पडतो!" चौतीस वर्षं ज्यांनी दोन मीटरच्या कापडातून सव्वादोन मीटरचा सदरा काढला, त्यांच्यापुढे मी काय बोलणार? आणि काय दिसायचं हो त्यांना! एका प्रश्नाला तर त्यांनी अ, ब आणि ड अशा तिन्हींत आकृती काढून दाखवली आणि म्हणाले, "परीक्षेवाले उदार आहेत."

तिथे संशय यायला हवा होता ना मला? तीन-तीन उत्तरं कशी असतील? पण मला वाटलं, बाबा आहेत, त्यांना काय अशक्य!

तुम्ही विचाराल, मागची उत्तरं का नाही तपासली? उत्तरांची पानं नव्हतीच! पहिलं पानही नव्हतं. पुस्तक जुन्या बाजारातलं, मला वाटलं तसंच मिळालं असेल. जुन्या पुस्तकाच्या आणि जुन्या छत्रीच्या चौकशा करत नाही आपण.

मग काय, आमच्याकडे सकाळ-दुपार आकृत्याच आकृत्या. बाबा मशीनवर टीप मारतायत, मी टेबलाशी, आणि मध्येच बाबा पाय थांबवून म्हणतायत, "सतरावा फिरवलास का?" "फिरवला बाबा." "किती?" "पाऊण." "शाब्बास!" आई आतून म्हणायची, "दोघांना रेघांतल्या आकृत्या सापडतात, दूध उतू जातंय ते नाही सापडत!" बाबा म्हणायचे, "अगं, आत आहे म्हणे." आई म्हणायची, "आतच आहे, शेगडीवर!" पण खरं सांगू? इतकी वर्षं बाबा कामात आणि मी पुस्तकात, आम्ही एका खोलीत राहून एकमेकांशी बोलायचो ते "चहा झाला का" एवढंच. त्या महिन्यात आम्ही जेवढं बोललो ना... म्हणजे बोललो ते पाऊण फिरव नि अर्धं फिरव एवढंच, पण बोललो. मला वाटलं, नापास झाले ते बरंच झालं की!

आणि दुसऱ्या संधीला गेले. छाती पुढे काढून. घाबरलेसुद्धा नाही फारशी. मनातल्या मनात सगळ्या आकृत्या गरागरा फिरवल्या, प्रत्येक प्रश्नात काही ना काही बसवून आले, वेळेआधी सात मिनिटं पेपर दिला.

नऊ.

अहो, नऊ! काहीच न येता अकरा आणि तयारी करून नऊ! घाबरून गेले तर दोन जास्त होते! म्हणजे माझ्या भीतीला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं!

घरी सांगितलं तर आत्या हजर. "झालं तर मग! एक तारखेपासून माझ्या शेजारी!" आई म्हणाली, "वन्सं, अजून एक संधी आहे तिला." "असेल, पण गाडी सुटलेली कळते मला, रोजचं काम आहे माझं!" आणि बाबा? बाबा मशीन चालवताना गुणगुणतात, सूर नाही, ताल नाही, पण गुणगुणतात. त्या दिवसापासून बंद. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर दुपारच्या सुस्त वेळी पुस्तक घेऊन एकटेच बसलेले, चष्मा पुसतायत, पुन्हा घालतायत, एकेक आकृती कापून फिरवून बघतायत. मला बघून म्हणाले, "माझ्याच नजरेत काही बिघाड झालाय का गं? मला तर बसलेली दिसतेय ती अजून." तुम्हाला सांगते, तेव्हा मला खिडकीची भीती नाही वाटली, नोकरीची नाही वाटली. चौतीस वर्षं ज्या नजरेवर माणूस जगला, त्या नजरेवरून त्याचा विश्वास उडाला, आणि उडवला कुणी? मी आणि त्या त्रिकोणाने! मला तिसऱ्यांदा पास व्हायचं होतं ते निम्मं त्या टेबलासाठी आणि निम्मं बाबांनी पुन्हा बेसूर गुणगुणावं म्हणून.

पण चुकतंय कुठे, ते कळल्याशिवाय पास कसं होणार? आकृती आत आहे म्हणे. असेल! आम्हा दोघांना तर ती सगळीकडे दिसत होती.

आणि मग परीक्षेच्या चार दिवस आधी आले बँडमास्तर.

बागेत रविवारी जो बँड वाजतो, त्याचे हे प्रमुख. उंच, रुंद, आणि बोलायला लागले की काचा थरथरतात, मग मी काय चीज आहे! त्यांनी मखमलीचा लालभडक कोट शिवायला टाकला होता, कापड स्वतः आणून दिलेलं, अगदी मोजून. बाबा त्यांना मास्तर म्हणतात आणि ते बाबांना मास्तर म्हणतात, त्यामुळे दुकानात कोण कुणाशी बोलतंय ते आवाजावरून ओळखायचं. दारातूनच, "मास्तर! झाला का कोट!" मी पडद्यामागे. "मास्तर, ट्रायल तयार आहे, कॉलर तेवढी राहिलीय, तिचं माप आता बसवतो." बाबांनी कच्च्या दोऱ्याने टाचलेला कोट त्यांना घातला, कॉलरचा कागदी साचा काढला, मानेभोवती गुंडाळून टाचण्या लावल्या, आणि म्हणाले, "जरा उजेडात या."

बँडमास्तर दारात उजेडात गेले. त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

डावी बाही लाल. उजवी बाही जांभळट काळी.

"मास्तर," बँडमास्तर हळू आवाजात म्हणाले, म्हणजे फक्त पलीकडच्या फुटपाथपर्यंत ऐकू जाईल असं, "ही बाही कुठल्या बँडची?"

कापड एकच. रंग एकच. पण मखमल अशी असते की तिला लव असते, मांजराच्या अंगावर असते तशी. वरून खाली हात फिरवला तर गुळगुळीत, खालून वर फिरवला तर रागावते. म्हणून कोटाचे सगळे तुकडे एकाच दिशेला बेतायचे, एखादा जरी उलटा घातला की त्यावर उजेड वेगळा पडतो आणि तो तुकडा दुसऱ्याच रंगाचा दिसतो. हे शिंपीकामात सुई धरण्याच्या आधी शिकवतात. आणि बाबांनी बाही उलटी बेतली होती. बाबांनी! ते स्टुलावर बसले. हातातली टाचणी तशीच. "मखमल फिरवायची नसते," असं ते मला नाही, बँडमास्तरांना नाही, टेबलाला सांगत होते. "मखमल फिरवायची नसते. मी फिरवली. कापड थोडं आखूड वाटलं आणि हाताने आपोआप... महिनाभर नुसतं फिरवतोच आहे..."

मी पडद्यामागून बाहेर आले. कारण हे सगळं माझ्यामुळे झालं होतं ना! म्हटलं, बँडमास्तरांची माफी मागू या. त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, वर बघायचं धाडस होईना, म्हणून नजर गेली ती त्यांच्या गळ्याशी, त्या कागदी कॉलरवर. आणि कॉलरवर काहीतरी छापलेलं होतं. 'सूचना.'

मी मान वाकडी केली. 'सूचना : दिलेली आकृती त्याच मापात व त्याच...' पुढचं मानेच्या बाजूला गेलेलं.

"काका," मी म्हटलं, "जरा वळता का?"

"कोण, मी?"

"डावीकडे. थोडंसं. आणखी."

एवढा मोठा माणूस, पण वळला हो! दोन रंगांच्या बाह्या पसरून, पाहुणीने नाचायला ओढल्यासारखा हळूहळू वळला. 'त्याच दिशेत शोधावी. आकृती कोणत्याही परिस्थितीत फिर...' "आणखी वळा काका!" "अहो, मला चक्कर येईल!" आणि मग बरोबर मानेच्या मागे, जिथे केस संपतात तिथे: '...वू नये.'

"फिरवू नये!" मी ओरडले. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा न दचकता ओरडले आणि बाकीचे दचकले! "बाबा! फिरवायचीच नव्हती! त्यात लिहिलंय! मास्तरांच्या मानेवर लिहिलंय!"

काय झालं होतं, सांगू? बाबांचा एक नियम आहे, ज्या पानावर चित्र नाही ते पान कोरं. त्यांनी पुस्तक घरात आलं त्याच दिवशी सूचनांचं पान कॉलरच्या साच्याला घेतलं होतं! आणि उत्तरांची पानं? बाबा कसनुसे झाले. आईने आतून साच्यांची पिशवी आणली आणि टेबलावर उपडी केली. आमच्या गिऱ्हाईक वकीलबाईंच्या खिशाच्या झाकणीवर एक ते नऊची उत्तरं. कुणाच्या तरी कफवर दहा ते बावीस. आई म्हणाली, "परीक्षेचं पुस्तक आणलं पोरीला, आणि त्याचे कपडे घातले दुसऱ्यांनी!" मी रडावं की हसावं तेच कळेना. आकृती आत आहे म्हणे... अहो, आकृती आत होतीच हो, सूचनाच बाहेर फिरत होती, लोकांच्या गळ्यात!

आणि बाबा बघत होते माझ्याकडे. तोंड उघडं. मग कपाळावर हात मारून म्हणाले, "म्हणजे ही मखमल आहे? अगं, मग मखमल आहे असं आधी सांगायचं ना!"

एवढंच! महिनाभर जे मला कुणीच सांगू शकलं नाही, पुस्तक सांगू शकलं नाही, क्लासचे सर सांगू शकले नाहीत, ते त्यांनी एका शब्दात घातलं. सदऱ्याचं कापड असतं तर फिरवलं असतं, पण हे कापड लवीचं. जसं वर आहे तसंच खाली शोधायचं, आणि फिरवून जे बसतं ते मुद्दाम फसवायला ठेवलेलं. बाबांनी पुस्तक घेतलं, पहिल्याच प्रश्नावर बोट ठेवलं, एकदा बघितलं. "क. एकच आहे." वकीलबाईंची झाकणी बघितली. क. बाबा गुणगुणायला लागले.

"अहो, पण माझ्या बाहीचं काय?" बँडमास्तर. त्यांना आम्ही विसरलोच होतो.

बाबांचा चेहरा पुन्हा पडला. "मास्तर, मी दुसरी बेतून देतो. कापड मी आणतो."

"थांबा." बँडमास्तर आरशासमोर गेले. उजवा हात वर केला, खाली आणला, पुन्हा वर केला. "उजवी ना ही? छडीचा हात माझा! मागच्या रांगेतला ढोलवाला सहा वर्षं सांगतोय, 'साहेब, तुमचा हात कोटात मिसळून जातो, मला दिसत नाही, म्हणून मी उशिरा वाजवतो.' आता बघतो कसा उशिरा वाजवतो ते! राहू दे ती! आणि पोरी, तू माझ्या मानेवर आणखी काही वाचायचं राहिलंय का, म्हणजे मी ही टाचणी काढू?"

तर तिसरी आणि शेवटची संधी. हॉलमध्ये पर्यवेक्षक बाई होत्या, त्यांच्या चपला करकर वाजत होत्या आणि प्रत्येक करकरीला मी इंचभर उडत होते. त्यांनी पेपर दिले आणि म्हणाल्या, "सूचना वाचायला दोन मिनिटं." आणि मी आयुष्यात पहिल्यांदा सूचना वाचल्या. आधीच्या दोन्ही वेळा मी ही दोन मिनिटं पेन्सिलींची टोकं तपासण्यात घालवली होती. काय असेल तिथे? पहिल्या पानावर, वरतीच, ठळक अक्षरांत, चौकटीत: 'आकृती फिरवू नये.' दोन्ही वेळा तिथेच होतं ते! पेपर म्हणे लपलेल्या गोष्टी शोधायचा, आणि मला चौकटीतली दिसली नव्हती! सर म्हणाले होते ना, तुम्ही फार बघता!

सुरू केलं. पहिली आकृती, मी मनात म्हटलं, "मखमल." दिसली! ब. दुसरी, "मखमल." दिसली! तिसरीला हात शिवशिवला, थोडीशीच, पाव फिरवली तर अ मध्ये काय झकास बसतेय... "मखमल, मखमल, मखमल!"

"काय पुटपुटताय?" करकर थांबली होती. माझ्या कानाशी.

मी अशी उडाले की पेन्सिल पुढच्या बाकावरच्या मुलाच्या कॉलरमध्ये गेली. "म... मखमल, मॅडम."

"कसली मखमल?"

"फिरवायची नाही, मॅडम."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या प्रवेशपत्राकडे पाहिलं, मग बराच वेळ छताकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "नका फिरवू." माणूस चांगला असतो हो, वेळ आली की. पण त्यात माझे तीन प्रश्न गेले, पेन्सिल काढण्यात आणखी एक गेला, आणि उरलेल्यांत कुठलं बरोबर नि कुठलं चूक हे बाहेर येईपर्यंत माझं मलाच कळेना.

एकोणीस!

अठरा लागत होते, एकोणीस आले! आत्याने सगळ्या आगारात ध्वनिक्षेपकावरून जाहीर केलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, माझी भाची पास झाली आहे," आणि मागाहून मला म्हणाली, "खिडकी मी दुसरीला दिली गं, पण तुझ्या किंचाळीची सर नाही तिला." आई डोळे पुसत म्हणाली की दूध बघून येते. आणि बाबा? गळ्यातली टेप काढली, मला टेबलाशी उभी केली, आणि खांद्याचं माप घ्यायला लागले. "ऑफिसला जायला कोट लागेल तुला." मी म्हटलं, "कसल्या कापडाचा?" म्हणाले, "साध्या. मला फिरवता येईल अशा."

झालं, रुजू झाले. तेच लांब टेबल, तोच हळू फिरणारा पंखा. शांतता! मला रडूच आलं. साहेब अगदी मऊ आवाजाचे, दारात आधी खोकतात मग येतात, म्हणजे दचकायला नको. त्यांनी टेबलभर मोठा नकाशा उलगडला. नव्वद वर्षांत जमिनीखाली जेवढे नळ टाकले, ते सगळे एकाच कागदावर, रेघेवर रेघ, रेघेवर रेघ. मग खिशातून एक जुनी, पिवळी पडलेली चिठ्ठी काढली. तिच्यावर एक आकृती. वाकडी, तीन फाटे असलेली.

"ही आपली सर्वांत जुनी मुख्य वाहिनी," साहेब म्हणाले. "शहराचं निम्मं पाणी तिच्यात मुरतंय. ती या नकाशात आहे म्हणे. शोधायचीय."

मी म्हटलं, अरे, हेच तर येतं मला! कोट सावरला, पुढे वाकले आणि विचारलं, "सर, फिरवायची नाही ना?"

साहेबांनी चिठ्ठी उजेडात धरली. "सांगता येत नाही हो. काढणाऱ्याने उत्तर दिशाच दाखवलेली नाही. मापही दिलेलं नाही. तुमच्या आधीचे ते भिंगवाले गृहस्थ एकोणतीस वर्षं शोधत होते, परवाच निवृत्त झाले." मग माझा चेहरा बघून घाईघाईने म्हणाले, "पण तुम्ही सावकाश शोधा हं. चाळीस सेकंदांची घाई इथे नाही. तुमच्या निवृत्तीला अजून पस्तीस वर्षं आहेत!"

बसलेय. चौतीस वर्षं अकरा महिने राहिलेत.